तुळजारामाने शिकलेले काम

तुळजाराम कल्याणराम राव. जन्म १९६८, मृत्यू १९९९. राहणार तंजावूर, राजवाड्यामागची गल्ली. वडील लवकर वारले. मागे राहिली ती आई, अंबाबाई. मुलगा चालायला उशिरा लागला, बोलायला त्याहून उशिरा, आणि मिसरूड फुटल्यावरही त्याचे बोलणे दोन-तीन शब्दांतच आटोपत असे. हात मात्र स्थिर होते.

अशा मुलांना हातकाम शिकवणारी शाळा गावात निघाली, तेव्हा अंबाबाईने त्याला तेथे घातले. शिक्षक हरिप्रसाद गल्लीतलेच, कडक इस्त्रीचे गृहस्थ. टोपलीतले मिसळलेले स्क्रू मापाप्रमाणे तीन डब्यांत लावायचे, हे काम. प्रथम एका दुकानातून माल येई. दुकानाने तो बंद केला, तेव्हा हरिप्रसादांनी तीच टोपली चालू ठेवली. मुले गेली की ते डबे पुन्हा टोपलीत रिकामे करीत. पुढे त्यांना वाकण्याचाही कंटाळा आला. "झालं सगळं? आता ओत. शाबास!" असे ते मुलांनाच सांगू लागले. त्या एका शाबासकीसाठी तुळजाराम दिवसभर मान वर करीत नसे.

अंबाबाईला याची वार्ता नव्हती. तिची दृष्टी अधू होत चालली होती. आपण डोळे मिटण्यापूर्वी मुलाला स्वतःच्या कष्टाचा घास मिळावा, एवढीच तिची इच्छा होती.

१९९४ साली पापनाशमच्या रस्त्यावर पंपांचे सुटे भाग भरणारा नवा कारखाना उभा राहिला. मालक नटराज यांनी तुळजारामाला स्क्रू लावायच्या कामावर एक दिवस बसवून पाहण्याचे कबूल केले. अंबाबाई सोबत गेली, हरिप्रसादही गेले.

दुपारपर्यंत नटराज खूश झाले. "आमचे शहाणे लोक तासातासाला कॉफी मागतात. हा पाणीसुद्धा मागत नाही! अम्मा, उद्यापासून पाठवा."

अंबाबाईने पदराने डोळे पुसले. तेवढ्यात शेवटचा स्क्रू डब्यात पडला. तुळजाराम उठला, आणि लॉरीत चढवण्यासाठी भरून ठेवलेले सगळे डबे त्याने एकामागून एक टोपलीत उपडे केले.

"अय्यो, सगळ्याची खिचडी, पोंगल केला की रे!" कोणी कामगार ओरडला. सगळे हसले. तुळजारामही हसला, आणि हरिप्रसादांच्या तोंडाकडे बघत उभा राहिला.

हरिप्रसाद चष्मा पुसत म्हणाले, "अशी मुलं, सार. कधी काय करतील, नेम नाही."

अंबाबाईने सर्वांदेखत मुलाच्या थोबाडीत दिली.

नोकरी गेली. दुसरीकडे कोठे ठेवणार, म्हणून काही दिवसांनी ती त्याला पुन्हा शाळेत घेऊन गेली. संध्याकाळी आणायला जरा लवकर पोचली, तो सगळी मुले रांगेने डबे ओतत होती.

"हरिप्रसाद, हे तुम्ही शिकवलंत?"

"मग काय करू, अंबाबाई? काम संपलं तर शाळा संपली. सांभाळाल मग दिवसभर घरी?"

"नटराज सारना एवढं सांगा. त्याची चूक नव्हती, एवढंच."

"सांगतो की."

त्यांनी सांगितले नाही. तिने स्वतः बसने कारखान्यावर जाऊन पाहिले. रखवालदाराने फाटकातूनच परतवले.

तुळजारामाची रांगेत पाळी आली की तो अगोदर दाराकडे पाही. आई उभी दिसली, तर एका हाताने गाल झाकी आणि दुसऱ्या हाताने डबे ओती. म्हणून अंबाबाई पुढे रस्त्यावरच थांबू लागली.

काविळीने तो गेला. अंत्ययात्रेला हरिप्रसाद आले. मुलगा कामाला प्रामाणिक होता, असे म्हणाले. त्याची जागा आठवड्याच्या आत दुसऱ्या मुलाला मिळाली. शिक्षण पुरे झाल्याचा दाखला अंबाबाईने मागितला, तो नाकारण्यात आला: अभ्यासक्रम अपुरा होता. नटराजांना सांगावयाचे ते आजतागायत कोणी सांगितलेले नाही.