आप्पांची मेंढरं आणि भिंतीवरची रेघ

माझा स्वभावच संशयी. लातूरच्या मोंढ्यात आडत दुकानावर उभं आयुष्य गेलं. पोत्याच्या तोंडाशी एक तूर आणि बुडाशी दुसरीच, हे रोज बघणाऱ्या माणसानं विश्वास ठेवायचा तरी कुणावर? रेणापूरजवळ एक रिटायर मास्तर घरामागं बुटक्या मेंढ्या पाळतात आणि विकतात असं कळलं, तेव्हा मी एवढंच म्हणालो, बनवाबनवी असणार.

पण जाणं भाग होतं. आई गेल्यापासून माझ्या वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, बाज धरली होती. गुडघे वाकत नाहीत म्हणायचे, चहासुद्धा बाजेवरच. दिवसदिवस बोलायचे नाहीत. एकदाच काय ते बोलले, "घरी दोन मेंढरं असती तर जीव रमला असता." मोठ्या मेंढीनं एक हिसका दिला तर आप्पा आडवे, म्हणून बुटकीच हवी होती. नाहीतर हा माणूस भिंतीकडं तोंड करून संपणार, अशी मला खरोखर भीती वाटत होती. आप्पांनाही गाडीत घालून नेलं.

मास्तरांनी दोन मेंढ्या पुढं केल्या. काळ्या तोंडाच्या, जेमतेम गुडघ्याएवढ्या. "पूर्ण वाढलेल्या हायत. आता बोटभरबी वाढायच्या न्हाईत," म्हणाले. फारच गोड बोलत होते, तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली. कोकरं असणार ही. दातांवरून वय कळतं एवढं ऐकून होतो. एकीचं तोंड उघडलं, तर वर समोर एकही दात नाही.

"मास्तर, वय कळू नये म्हणून दात पाडलाव व्हय?" मी सरळ विचारलं.

मागून खोकल्यासारखा आवाज आला. आप्पा हसत होते. काठीवर रेलून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. "आरं, मेंढराला वर समोर दात नसतेतच. गाईलाबी नसतेत. मोंढ्यातच म्हातारा झालास बघ." मग त्यांनी दोन्हींचे खालचे दात स्वतः पाहिले आणि म्हणाले, "खरं बोलायलेत मास्तर. घे."

आईनंतर आप्पा पहिल्यांदा हसले होते. मी कसला नाही म्हणतोय? पण मनातला किडा मेला नाही. घरी आल्यावर मेंढ्या भिंतीला लावून उभ्या केल्या, पाठीच्या उंचीवर खडूनं एक रेघ मारली आणि आप्पांना बजावलं, "दर सोमवारी मोजणार. रेघेच्या वर गेल्या की परत."

चार महिने दर सोमवारी मेंढ्या रेघेला बरोबर. गळ्यातले पट्टे दोनदा सैल करावे लागले, डोळ्यालाही त्या थोराड दिसायच्या. पण मोजमाप ते मोजमाप, म्हणून मी गप्प बसायचो. आप्पा त्यांना पाला घालायचे, त्यांच्याशी बोलत अंगणात फिरायचे.

मग एका सोमवारी मी रेघेवर बोट फिरवलं. खडू नव्हता. देवघरातली विभूती होती. त्या ठळक रेघेखाली पुसलेल्या दोन रेघा अजून अंधूक दिसत होत्या. आमच्या घरात विभूती लावायची ती तीन बोटांनी, कपाळभर. जन्मभर तेच केलेल्या हाताला एक रेघ कुठून जमणार?

मी बाजेकडं पाहिलं. आप्पा नजर चुकवत होते.

"दुधाचे दात होते," शेवटी म्हणाले. "त्याच दिवशी दिसलं मला. सांगितलो असतो तर तू गाडी वळवला असतास."

आधी संताप आला. मास्तरनं फसवलं, आणि बापानंही. मग लक्षात आलं की रेघ मांडीच्याही खाली आहे. तिथं बोटं टेकवायची तर भिंतीपाशी उकिडवं बसावं लागतं. गुडघे वाकत नाहीत म्हणणारा माणूस रेघ वर सरकवायला कितीदा तरी तिथं बसून उठला होता.

मी खाली बसलो आणि त्या दोन अंधूक रेघा रुमालानं नीट पुसून काढल्या.

"आप्पा," मी म्हणालो, "रेघेच्या खालीच हायत."