माझ्या गाडीचा लाल नेमका कोणता?

मित्रांनो, दुपारपासून जिवाला चैन नाही.

माझ्या लाल स्पोर्ट्स कारच्या आरशांची कव्हरं आणि डिकीवरचा स्पॉयलर रंगवायचा होता. सुटे भाग गोधडीत गुंडाळून सकाळी सांगलीहून एसटीनं साताऱ्याला गेलो. तिथल्या चकाचक गॅरेजवाल्यानं कंपनीचा कलर कोड विचारला, लिहून घेतला आणि म्हणाला, "ठेवून जा." ठेवले.

येताना पलूसला उतरलो. तिथं ट्रॅक्टर रंगवणारे ओळखीचे तात्या आहेत. त्यांना सगळं सांगितलं.

"आन गाडी कुटं हाय?"

"घरी, अंगणात."

"किती वर्सं उन्हात?"

"सहा."

"मग डब्यातला नवा लाल तिला कसा जुळंल रं?"

गॅरेजवाला फोन उचलेना. मी गाडीभोवती नुसता फिरतोय. सहा वर्षं रोज हातानं पुसतोय हिला. उडालेला रंग मला दिसलाच नाही. तुम्हाला दिसला असता?