अंधाऱ्या वर्गातलं उलटं गाव

चौगुले मॅडम काल सकाळी गेल्या.

नाश्ता करून जरा आडव्या झाल्या होत्या. उठल्याच नाहीत.

कुंडलच्या आमच्या शाळेत त्या सायन्स शिकवायच्या. मला शिकवलेलं बरंचसं मी परीक्षेनंतर विसरले. आईला त्यांनी जे दाखवलं, ते मात्र आमच्या घरात अजून आहे.

माझे वडील फौजेत होते. मी सातवीत असताना ड्युटीवरच वारले.

तेव्हापासून आईनं उंबरा ओलांडला नाही. रान चुलते बघायचे, बाजार मी आणायचे. बायका भेटायला यायच्या, रडायच्या, जायच्या. आई नुसती बसून असायची.

एक दिवस मॅडम आल्या. घोंगडं मागायला.

त्या दिवशी शाळेत विज्ञान दिवस होता. मॅडम त्याला जत्रा म्हणायच्या. पोरांनी प्रयोग करायचे आणि मोठ्यांनी टाळ्या वाजवायच्या, हे त्यांना पटायचं नाही. सगळ्या गावानं यायचं, हात लावून बघायचं.

"एक वर्ग पार काळोखा करायचा हाय. काळं घोंगडं हाय का?"

आईनं काढून दिलं.

"आन् टांगायला तुमीबी चला. खिडकी उंच हाय. आमच्या स्टाफमदी तुमच्याएवढं उंच कोन न्हाई."

"मी न्हाई जात कुटं, मॅडम."

"ठाव हाय. पर खिडकी झाकली पायजे."

आई गेली. का गेली, ते तिला अजून सांगता येत नाही.

मैदानात बालवाडीची पोरं घमेल्यात बटाटे, चमचे, पानं सोडून काय तरंगतंय ते बघत होती. एक आजोबा मायक्रोस्कोपला डोळा लावून कांद्याची साल बघत बसलेले. मागचे कुरकुरत होते, "आवं, सोडा की आता, आमालाबी बघू द्या." म्हाताऱ्या बायका हळदीच्या कागदावर साबणाचं पाणी टाकून तो लाल होताना बघत होत्या.

आईनं स्टुलावर चढून घोंगडं टांगलं. दुसऱ्या खिडकीला पुठ्ठा लावलेला, त्याला रुपयाएवढं भोक. लोकांना आत घेऊन मॅडमनी दार लावलं.

काहीच दिसेना.

"थांबा," अंधारातून मॅडमचा आवाज आला. "डोळ्यांस्नी वेळ द्या."

मग समोरच्या भिंतीवर हळूहळू रंग उतरले.

खाली आभाळ. वर मैदान. मैदानाला लिंबाचं झाड लोंबकळत होतं आणि त्याची पानं हलत होती. एक बाई डोकं खाली, पाय वर अशी निवांत चालत गेली. तिच्या कळशीतलं पाणी सांडलं नाही.

आवाज खिडकीतून येत होते. माणसं भिंतीवरून जात होती.

"ह्याला करंट लागत न्हाई?"

मी दचकले. आईनं विचारलं होतं. कितीतरी महिन्यांनी तिनं कुणाला काही विचारलं होतं.

"न्हाई वो. उजेड सरळ येतो, म्हणून वरचं खाली पडतं. बाकी काय न्हाई."

दार उघडलं, लोक गेले, दुसरे आले. आई जागची हलली नाही. मॅडमनी तिला हटकलंही नाही.

थोड्या वेळानं म्हणाल्या, "मला बारक्या पोरांकडं जायचं हाय. आता ह्यांस्नी तुमी सांगा."

आणि खरंच निघून गेल्या.

अंधार. कुणीतरी खोकलं.

मग आईचा आवाज, अगदी बारीक.

"थांबा... लगीच दिसत न्हाई."

उन्हं कलून भिंत फिकी पडेपर्यंत ती आत होती. घरी येताना म्हणाली, "उद्या रानात जाऊन येते."

गेलीसुद्धा.

तेव्हापासून दर वर्षी तो वर्ग आईचा. मॅडम रिटायर झाल्या तरी जत्रेला यायच्या. दोघी आधी खिडक्या झाकायच्या, मग एकत्र चहा प्यायच्या.

यंदाची जत्रा आज होती. रद्द करावी असं शाळेत चाललं होतं.

आई काल मॅडमना शेवटचा निरोप देऊन थेट हेडसरांकडे गेली. म्हणाली, "सर, पोरांनी समदं मांडून ठिवलंय. मॅडम असत्या तर जत्रा बंद करू दिली नसती. मी येते सकाळी."

मी मलकापूरला बँकेत असते; रजा टाकून पोचले, तेव्हा मैदान भरलं होतं. आई अंधाऱ्या वर्गाच्या दाराशी बालवाडीच्या पोरांची रांग लावत होती. डोळे सुजलेले. आवाज मात्र मैदानभर ऐकू येत होता.

मॅडम, जत्रा नीट पार पडली. सगळं गाव आलं होतं.

निश्चिंत जा. आमचा सगळ्यांचा नमस्कार.