सिस्टर आणि मधल्या मजल्यावरचा डबा

"पाणी वरून खाली येतं, मास्टर. टाकी कुठे असते? गच्चीवर. मग राउटरसुद्धा वरच पाहिजे."

"पाण्याचं राहू द्या, साहेब. धूर कुठून कुठे जातो? खालून वर. हे हवेतनंच येतं म्हणता ना? मग ते धुरासारखंच असणार."

हे भांडण मी माझ्या दाराआडून ऐकलं. खोटं कशाला सांगू, नीट ऐकू यावं म्हणून दार फटीएवढं उघडं ठेवलं होतं. आमची इमारत तीन मजल्यांची. तळाला शिंपी राहतो, त्याला सगळे मास्टर म्हणतात. पुढे दुकान, मागे घर. सगळ्यात वर साहेब, कचेरीतून हेडक्लार्क होऊन निवृत्त झालेले. त्यांचा आवाज तेवढा अजून नोकरीत आहे. मधल्या मजल्यावर जिन्याच्या एका अंगाला मी आणि दुसऱ्या अंगाला सिस्टर. सगळ्यांत मिळून एकच इंटरनेटची वायर घ्यायची ठरली होती. वायर आली, तो शिंगांचा डबा आला, आणि डबा कुणाच्या घरात नांदणार यावरून दोघे पुरुष जिन्यात हमरीतुमरीवर आले.

साहेब म्हणाले, "तुमच्याकडे ठेवला तर दोरे अडकतील त्यात."

मास्टर म्हणाले, "तुमच्याकडे ठेवला तर खाली काही उरायचं नाही. तुमचं घर आधी ओढून घेणार, आम्हाला उष्टं."

तेवढ्यात सिस्टर ओले हात पदराला पुसत बाहेर आल्या. "जिना अडवू नका. आणा तो डबा इकडे. पाणी असो की धूर, वाटेत माझं घर लागतंच."

"पण सिस्टर, तुमच्याकडे तर साधा बटणांचा फोन," साहेब म्हणाले. "तुम्हाला याचा उपयोग काय?"

"म्हणूनच म्हणते. ज्याचं पोट भरलेलं असतं, त्यालाच वाढायला उभं करावं."

डबा सिस्टरांच्या खोलीत गेला.

सिस्टरांनी सगळा जन्म इस्पितळात काढला, त्यातही बराचसा तापाच्या वॉर्डात. नोकरी संपून बरीच वर्षं झाली तरी अंगातला वॉर्ड गेला नव्हता. खोलीत एक खाट, एक कपाट, एक स्टूल. चादर अशी ताणून खोचलेली की पाहुण्याला बसायची छाती होऊ नये. डबा त्यांनी खिडकीजवळच्या फळीवर ठेवला आणि दुसऱ्या दिवसापासून त्याची फेरी सुरू केली. सकाळी कोरड्या फडक्याने पुसायचा. मग चष्मा लावून दिवे बघायचे. हिरवा दिवा लुकलुकत असला की म्हणायच्या, "श्वास चालू आहे."

आणि डब्याचं म्हणाल तर, बरा होता, पण लहरी. माझी नात परगावी असते; तिचा फोन आला की पडद्यावर आधी तिचं नाक यायचं, मग थोड्या वेळाने बाकीची नात. साहेबांचा मोठा टीव्ही चालू असताना तर नाकावरच भागवावं लागे. मध्येच सगळं ठप्प व्हायचं. मग वरून साहेब ओरडायचे, "सिस्टर, गेलं." खालून मास्टर कापड मोजायच्या गजाने छत ठोकायचे. सिस्टर उठायच्या, बटण बंद करायच्या आणि हात जोडून गप्प उभ्या राहायच्या. मी एकदा म्हटलं, "लगेच चालू करा की, ते दोघं वाट बघतायत." तर म्हणाल्या, "ताई, औषध दिल्या दिल्या नाडी बघायची नसते."

असं चाललं होतं. नेट गेलं तर गेलं, कुणाचा जीव जात नव्हता. पण मग मास्टरांच्या लेकीला नोकरी लागली आणि सगळंच बदललं.

मास्टरांच्या लेकीला जन्मापासून ऐकू येत नाही. ती हातांनी बोलते, आणि काय बोलते. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण ती रागावली की मला इथे दारात कळतं. लांबच्या कुठल्याशा गावात तिच्यासारख्याच मुलांची शाळा आहे. तिथल्या लहान मुलांना रोज दुपारी एक तास पडद्यावरून शिकवायचं, अशी ती नोकरी. आधी काही महिने पारख, मग पक्की. त्या पोरीला याआधी कुणी दारात उभं केलं नव्हतं. एका ठिकाणी तर तिच्या देखत तिच्या बापाला विचारलं होतं, "हिला घरी काही काम नाही का?" आता ती बाई झाली होती. नवं कापड बापाने स्वतः कापलं, स्वतः शिवलं. पोरगी तासाला बसायची तेव्हा मास्टर मशीन थांबवून दाराच्या पडद्याआड उभे राहायचे.

आता तुम्ही आम्ही बोलतो तेव्हा चित्र अडकलं तरी आवाज येत राहतो, काम भागतं. तिचं तसं नाही. चित्र अडकलं की तिचा शब्दच मध्ये लोंबकळतो. आणि डबा नेमका तिच्या तासालाच अडकू लागला. एकदा तिचा हात तोंडाशी असताना चित्र गोठलं. मुलांना वाटलं बाई खायला सुट्टी देतायत. सगळा वर्ग उठून डबे उघडून बसला. पहिल्यांदा शाळेच्या मोठ्या बाईही हसल्या म्हणे. पुढे हसेनाशा झाल्या. त्यांनी मास्टरांना कळवलं की मुलगी फार गुणी आहे, पण चित्र असंच तुटत राहिलं तर या महिन्याअखेर आम्हाला दुसरं कुणी बघावं लागेल.

त्या दिवसापासून सिस्टरांनी कंबर कसली. गुडघे दुखत असताना रोज तासाआधी त्या जिना चढून साहेबांकडे जायच्या. साहेब दुपारी जुने सामने बघत बसायचे, ज्यांचा निकाल त्यांना पाठ होता.

"लेकीचा तास आहे. बंद करा."

"सिस्टर, अगदी रंगात आलाय."

"मागच्या वेळी कोण जिंकलं होतं?"

"आमचेच."

"मग आजही तेच जिंकतील. बंद करा."

साहेब कुरकुरत बंद करायचे. सिस्टर खाली येऊन डब्यापाशी स्टूल घेऊन बसायच्या. पोरीला हाक ऐकू येणार नाही, म्हणून त्यांनी खिडकीतून दोरीला पांढरा रुमाल बांधून ठेवला होता. डबा बंद करून चालू करायची वेळ आली की रुमाल खाली सोडायचा. तो खालच्या खिडकीत दिसला की पोरीने समजायचं, घाबरू नको, येतंय.

तरी रुमाल रोज खाली जायचाच.

कंपनीचा माणूस दोनदा आला. तार बघितली, डबा बघितला, म्हणाला, "सगळं ठीक आहे." तो असेपर्यंत खरंच ठीक असायचं. डॉक्टर दारात आला की ताप उतरतो, त्यातली गत. मग साहेबांनी हुज्जत घालून डबाच बदलून घेतला. नवा डबा, चार शिंगांचा. दोन दिवस झकास चालला आणि तिसऱ्या दिवसापासून पहिले पाढे पंचावन्न.

मास्टरांचा धीर सुटला. जिन्यात साहेबांना गाठून म्हणाले, "तुम्ही बंद करतो म्हणता आणि लपून बघता. माझ्या पोरीच्या पोटावर पाय देऊन तुम्हाला काय मिळतं?"

साहेबांचा चेहरा मी बघितला. ओरडणारा माणूस ओरडला नाही की जास्त भीती वाटते. ते एवढंच म्हणाले, "मी बंद करतो, मास्टर," आणि वर निघून गेले.

आता एक गोष्ट सांगायची राहिली, आणि तीच खरी गोष्ट. पोरीला नोकरी लागली त्याच आठवड्यात मास्टरांनी सिस्टरांचे उपकार कसे फेडावे म्हणून डब्यासाठी एक झबलं शिवलं होतं. आतून कापूस, दुहेरी अस्तर, वर फुलांचं कापड, शिंगांना काजं, पाठीमागे बटण. नवा डबा आला तसं मास्टरांनी लगेच मापं घेऊन दुसरं शिवलं, पहिल्याहून जाड. धूळ बसायला नको, गारठा लागायला नको. इतकं देखणं काम की मला वाटलं, एखाद्या बाळाला शोभलं असतं. आणि कंपनीचा माणूस यायचा तेव्हा सिस्टर ते काढून, घडी करून कपाटात ठेवायच्या. मोठे डॉक्टर फेरीला आले की पेशंटच्या अंगावरचं पांघरूण बाजूला करायचं, ही त्यांची जन्माची सवय. तेव्हा त्या माणसाने डबा बघितला तो नेहमी उघडाच.

एके दिवशी झबल्याचं बटण तुटलं. मास्टरांनी ते लावायला खाली नेलं. त्या दुपारी तास पुरा झाला, रुमाल एकदाही हलला नाही. मास्टर खुशीत झबलं परत घेऊन आले. दुसऱ्या दिवशी अर्ध्या तासात चित्र गेलं. मी तेव्हा सिस्टरांकडेच बसले होते. त्यांनी बटण बंद केलं, रुमाल सोडला, आणि मग काय मनात आलं कोण जाणे, हात उलटा करून झबल्याच्या आत घातला. तसाच ठेवला. माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "ताई, याला सणसणून ताप आहे हो."

"मग?"

"मग काय. रोग म्हशीला आणि औषध पखालीला. एवढ्या तापाच्या पेशंटला आपण दुलई घालून बसलोय."

झबलं काढलं. डबा हळूहळू निवला. पुढचे सगळे दिवस तासाआधी काढायचं आणि मास्टरांची चाहूल लागली की परत चढवायचं, असा त्यांचा खेळ सुरू झाला. चित्र तुटायचं थांबलं. पण असं किती दिवस लपवणार? एक दिवस साहेब अचानक आत आले, डबा उघडा, झबलं स्टुलावर. ते हुशार माणूस, त्यांनी डब्यावर हात ठेवला, झबल्यात हात घालून बघितला, आणि त्यांना सगळं उमजलं.

"म्हणजे त्याच्या पोरीचा तास त्याचंच झबलं बुडवत होतं," ते म्हणाले. "आणि चोर मी. आता खाली जातो आणि सगळ्या गिऱ्हाइकांसमोर सांगतो."

"सांगा," सिस्टर म्हणाल्या. "तुमचा हक्क आहे. तुम्हाला उगाच बोल लागला."

साहेब दारापर्यंत गेले.

"फक्त एवढं बघा," सिस्टर पुढे म्हणाल्या, "तो बाप आहे. पोरीचं मी बुडवत होतो, हे एकदा कानात गेलं की निघायचं नाही. मी वॉर्डात अशा आया बघितल्यात. मूल बरं होऊन घरी जातं, आई मात्र तिथेच राहते."

साहेब दाराच्या कडीशी चाळा करत उभे राहिले. मग म्हणाले, "मग त्याला काय सांगणार तुम्ही?"

"तुम्ही गप्प राहा, बाकी माझ्याकडे लागलं."

आणि साहेब गप्प राहिले. ज्या माणसाला बसस्टॉपवरसुद्धा गप्प राहता येत नाही तो राहिला. त्या दिवसापासून मी त्यांना नावं ठेवणं पुष्कळ कमी केलं आहे.

सिस्टर खाली गेल्या. मास्टरांना म्हणाल्या, "मास्टर, उन्हाळा तोंडावर आलाय. माणसं कपडे बदलतात, याला बारा महिने एकच? जाळीचं काहीतरी शिवा. हलकं. खाली उघडं असू दे, पाय मोकळे."

मास्टरांनी मोठ्या हौसेने जाळीचं शिवलं. पडद्याच्या जाळीचं, कडेला नाजूक पट्टी. जाड झबल्याचं विचारलं तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "हिवाळ्यासाठी जपून ठेवलंय." पुढचा हिवाळा आला आणि गेला, ते कपाटातून बाहेर आलं नाही आणि मास्टरांनाही आठवण झाली नाही, कारण तेवढ्या अवधीत महिनाअखेर कधीच मागे पडली होती.

त्या महिनाअखेरीचं सांगते. मास्टर दुपारी धावत वर आले. सिस्टरांच्या दारात उभे राहिले, आणि घाईत तोंडाने बोलायचंच विसरले. दोन्ही हातांनी काहीतरी करू लागले, लेकीशी करतात तसं. सिस्टर बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "पक्की झाली ना?" मास्टरांनी मान हलवली. मागे जिन्यात साहेब उभे होते. मास्टर त्यांच्याकडे वळून म्हणाले, "साहेब, त्या दिवशी मी वाकडं बोललो. तुम्ही सामने सोडलेत माझ्या पोरीसाठी." साहेब म्हणाले, "असू दे, असू दे. जुनेच होते."

सिस्टरांचा मुलगा दुसऱ्या गावात असतो. तो कधीपासून बोलावत होता, आणि त्या म्हणायच्या, "पेशंट सुटला की येते." पोरगी पक्की झाल्यावर मी म्हटलं, "आता जा की." तर म्हणाल्या, "डब्याचा काय भरवसा? डबाच तो." कुणाला त्यांच्या जागी बसवायला त्यांचा जीव धजावत नव्हता एवढंच. पुढे त्यांना धाप लागू लागली. डॉक्टरांनी जिना बंद सांगितला. त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना डॉक्टरांचं ऐकायला लावलं, त्यामुळे स्वतः ऐकायची सवय राहिली नव्हती.

एका सकाळी त्या उठल्याच नाहीत. त्याच्या आदल्या दुपारचं मला लख्ख आठवतं, कारण मी दारातच गहू निवडत बसले होते.

सिस्टर कठडा धरून वर निघाल्या. मी म्हटलं, "साहेब स्वतःहून बंद करतात हल्ली. कशाला चढता?"

"करतात. पण मध्येच विसरतात."

वर दार वाजलं.

"लेकीचा तास आहे."

"बंद आहे, सिस्टर, मघाशीच केलंय. तुम्ही कशाला आलात?"

"बघू दे." आत डोकावल्या असाव्यात. "फोनवर काय लावलंय?"

"ते होय. ते बारीकसं आहे."

"बारीकसंही बंद करा."

सावकाश एकेक पायरी करत त्या खाली आल्या. खोलीत जाऊन डब्यावर उलटा हात ठेवला, दिवे बघितले, रुमालाची दोरी नीट गुंडाळून खिळ्याला अडकवली. खाली मास्टरांची मशीन थांबली.

"चहा टाकू का?" मी विचारलं.

"आत्ता नको, तास होऊ दे," म्हणाल्या, आणि स्टूल पुढे ओढून बसल्या.