एक जूनची माणसे

कळव्याच्या एका रंगकारखान्यात देवराम हजेरी ठेवणाऱ्या टाइम ऑफिसात लेखनिक होते. नव्वद साली तेथे संगणक आला आणि कामगारांच्या जन्मतारखा त्यात उतरविण्याचे काम त्यांच्याकडे आले. सोबतची इंग्रजी पुस्तिका त्यांनी पोथीच्या आदराने उघडली. एका पानावर आज्ञा होती की महिना आधी लिहावा. पुढच्याच पानावरील नमुन्यात मात्र दिवस आधी होता. देवरामांनी नमुना प्रमाण मानला.

आरंभ सर्वांत जुन्या कामगारांपासून झाला. ते बहुतेक खाडीकाठचे. त्यांची जन्मतारीख घरी कोणी टिपलेली नव्हती, म्हणून शाळेत मास्तरांनी सरसकट एक जून लिहिलेला. यंत्राने ती तारीख निमूट स्वीकारली. पुढे कोणाची तरी तेवीस तारीख आली, तेव्हा तेविसावा महिना नसल्याने यंत्र अडले. देवराम महिना आधी लिहू लागले. पण जे स्वीकारले गेले ते शुद्धच असणार, या श्रद्धेने त्यांनी मागे पाहिले नाही.

दोन वर्षांनी, डिसेंबरात, फलकावर दामाजी कोळ्याचे नाव लागले: सहा जानेवारीला वयाची मर्यादा पूर्ण, महिनाअखेर निवृत्ती. दामाजीची पत्नी सगुणा कारखान्याच्या दवाखान्यात उपचार घेत होती. नोकरी संपताच तेही थांबणार होते.

"दामाजी, तुझा जन्म जूनचा ना?" देवरामांनी विचारले.

"मास्तरांनी लिवलाय जून. आय सांगायची, थंडीत झालास. तुमच्या मशीनला कसं कललं, देवरामभाऊ?" दामाजी हसला, मग हसू ओसरले. "पण सगुणाची सुई मेपर्यंत हाय. डॉक्टर बोलला, मधी थांबवायची नाय."

दिवस आधी लिहिलेला एक-सहा यंत्राने सहा जानेवारी असा वाचला होता; देवरामांनी साहेबांपुढे जाऊन स्वतःची ही चूक सांगितली. साहेब म्हणाले, "शाळेचा दाखला आणा, म्हणजे दुरुस्त करू." दाखला आला, दामाजीची तारीख सुधारली, सगुणेची सुई चालू राहिली.

देवरामांचे मन मात्र स्वस्थ होईना. त्यांनी जुन्या नोंदी उघडल्या. गतवर्षी जानेवारीअखेर खाडीकाठचाच एक कामगार, भिवा, निवृत्त झाला होता. निरोपाचे नारळ-उपरणे देवरामांनीच त्याच्या हाती दिले होते. भिवाच्या नावापुढेही सहा जानेवारीच होती.

दुसऱ्या दिवशी ते भिवाच्या घरी गेले. दाराशी त्याची सून केशरबाई उभी होती.

"मामंजी श्रावणात गेले," ती म्हणाली. "काम सुटल्यापासून जेवणावर मन नव्हतं त्यांचं. काही काम होतं का?"

देवराम उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. सांगावे, तर सुनेच्या पदरात काय पडणार होते? न सांगावे, तर स्वतःच्या पदरात काय उरणार होते?

"होय," अखेर ते म्हणाले, "बसून सांगतो."