शांताक्काची जोडायची राहिलेली पासोडी

हुबळीत कोप्पीकर रोडवर चष्मा दुरुस्त करून घेत होते, तेव्हा प्रकाशचा फोन आला. “मावशी, आई गेली...” एवढंच बोलला. प्रकाशची आई, शांताक्का, माझी थोरली चुलत बहीण. महिना उलटला, तरी तिच्याबद्दल बोलताना मी अजून ‘आहे’ असंच म्हणते.

धारवाडहून लग्न होऊन ती हुबळीच्या कमरीपेठेत, विणकराच्या घरात गेली. भाऊजी जुन्या पद्धतीच्या पासोड्या विणत. जाड सुताच्या, निळ्या-तांबड्या आडव्या पट्ट्यांच्या. हातमाग अरुंद, म्हणून एका पासोडीचे दोन पाट वेगवेगळे विणून मधोमध शिवायचे. अक्का सुताला खळ लावायची, कांड्या भरायची, शेवटी शिवण घालायची. दोन्ही पाटांवरचे पट्टे असे मिळायचे, की शिवण बोटांनी चाचपून शोधावी लागे. हे जमतं कसं, म्हणून मी एकदा विचारलं, तर भाऊजी हसले. “हात एकच ना! हिच्याशी भांडून मागावर बसलो, की मात्र पट्टा चुकतो.”

पुढे स्वस्तातली गुबगुबीत ब्लँकेटं आली, गिऱ्हाईक सरलं. शेजाऱ्यांचे माग सरपणात गेले. भाऊजींनी शेवटची पासोडी घरासाठीच लावली. “जन्मभर लोकांना पांघरूण घातलं,” ते अक्काला म्हणाले, “ही आपल्या दोघांची.” पहिला पाट उतरला आणि थोड्याच दिवसांत ते गेले.

दुसरा पाट अक्कानं विणायला घेतला. आडवं सूत नेणारा धोटा तिला टाकता यायचा, पण ते घट्ट बसवायला फणी स्वतःकडे ओढून द्यायचा ठोका हलका पडे आणि पट्टे रुंद होत. वीतभर विणलं, की भाऊजींचा पाट शेजारी धरून बघायची आणि बहुतेक वेळा उसवायची. जोरानं ठोकलं, की खांदा भरून यायचा. उसवून उसवून सूत पिंजत गेलं, तुटू लागलं. प्रकाश वैतागायचा. “साकु, आई, पुरे आता! नाही जुळले पट्टे तर नाही. शिवून टाक.” मीही तेच म्हटलं.

“शिवीन गं...” ती म्हणाली. “पण मग मधली शिवण दिसतच राहणार. ते तिकडे, मी इकडे.”

नंतर ती पडली, मांडीचं हाड मोडलं. ती दवाखान्यात असताना प्रकाशनं माग उतरवला आणि त्याच्याखाली पाय सोडून बसायचा खड्डा बुजवून वर फरशी घातली. त्याचं चुकलं असं मला म्हणवत नाही. वॉकर घेऊन चालणाऱ्या बाईच्या घरात खड्डा कसा ठेवायचा? घरी आल्यावर अक्कानं फरशीकडे पाहिलं. त्यानंतर ती खाटेवरून फारशी उठलीच नाही. शेवटची भेटले तेव्हा पडल्या पडल्या तिचा उजवा हात मधेच उचलला जायचा, हवेतलं काहीतरी स्वतःकडे ओढायचा, आणि छातीवर पडायचा... मी तो धरला, तर तिनं सोडवून घेतला.

दिवसांना गेले तेव्हा प्रकाशनं दोन्ही पाट माझ्यापुढे ठेवले. “तू शिवशील का, मावशी?” मी ते शेजारी शेजारी अंथरले. वरचे पट्टे मिळत होते, पुढे सरकत गेले होते, आणि अक्काचा पाट निम्म्यावरच संपत होता. मी घड्या घालून परत दिले.

निघाले, तेव्हा त्या फरशीला वळसा घालून दाराशी गेले. मागून प्रकाशही तसाच आला. त्या घरात अजून तिथून सरळ कुणी चालत नाही.