अकराची गाणी

समोरच्या ओट्यावर चार बाया पापड लाटतात. आज खिडकीतून पाहिलं, तर चारही लाटणी एकदम पुढे जात होती आणि एकदम मागे येत होती. मधोमध रेडिओ होता.

आमच्या गावाचं एफएम स्टेशन सुरू झालं तेव्हा बाजारातल्या एका खोलीतून दिवसाला चार तास चालायचं. सकाळी भजनं, मग बाजारभाव, अकराला जुनी गाणी. आता दिवसभर चालतं. मी स्वतः रेडिओ घेतला नाही. समोरचा ऐकू येतो, तेवढा पुरे. अकराला भात चढवायचा आणि तिसरं गाणं संपलं की गॅस बंद करायचा.

गेल्या महिन्यात ती गाणी काढून नुसती बडबड लावली. माझा भात दोनदा करपला. समोरचे पापड जाड झाले, दुकानदार परत पाठवू लागला. काम जायची वेळ आली तेव्हा त्या चौघींतल्या सुमनने स्टेशनला फोन लावला.

"ताई, तुम्ही बोलता गोड, पण बोलण्यावर लाटणं चालत नाही."

निवेदिका हसली. "मग कशावर चालतं, मावशी?"

"ढोलकीवर!" चौघी एकदम ओरडल्या.

आज अकराला ढोलकी वाजली. सुमनने एक पापड उन्हात धरला. त्यातून तिची पाचही बोटं दिसली. तेवढ्यात तिने नाक वर केलं.

"आजी, भात लागला तुमचा!"

चौथं गाणं सुरू होतं.

"लागू दे," मी म्हटलं. "एवढं संपलं की बघते."